घरात लपवलेला आजार : प्रस्तावना

दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ भारतीयांपैकी जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत पोहोचतो तो १८० जणांतला एक. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतले हे आकडे आहेत. गर्द, गांजा यांसारख्या बेकायदा नशांमध्ये अडकलेल्यांची स्थिती किंचित बरी, म्हणजे वीस जणांत एकाला कधीतरी मदत मिळालेली. हे पुस्तक अमली पदार्थांविषयी आहे, पण ते लिहिलं गेलं आहे त्या उरलेल्या सदतीस माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

ही सदतीस माणसं असतात कुठे? आपापल्या घरात. आणि घरातला प्रत्येकजण आपल्या परीने पांघरूण घालत असतो. बायको नवऱ्याच्या कामावर फोन करून ‘ताप आहे, आज येणार नाहीत’ असं सांगते. आई मुलाची टपरीवरची उधारी वडिलांच्या नकळत चुकती करते. दागिने गहाण पडतात आणि पाहुण्यांना कारण सांगितलं जातं ते धंद्यात आलेल्या खोटीचं. थोरला भाऊ धाकट्याला मारतो, मग रडतो, मग त्यालाच शंभर रुपये देतो. शाळेत जाणारी मुलगी मैत्रिणींना घरी बोलवायचं बंद करते. तिला तसं कुणी सांगितलेलं नसतं, तिचं तिलाच कळतं. हे सगळं प्रेमापोटी आणि लाजेपोटी चालतं, आणि त्याचा परिणाम एकच होतो: आजाराला आणखी एक वर्ष मिळतं.

यातला सर्वांत घातक प्रकार म्हणजे लग्नाचा तोडगा. ‘दोनाचे चार हात करून द्या, जबाबदारी पडली की आपोआप सुधारेल’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो की तो देणाऱ्याला त्यातली क्रूरता जाणवतही नाही. मुलीच्या घरच्यांना अंधारात ठेवून लावलेलं असं लग्न हा सरळसरळ अन्याय आहे. व्यसनी माणूस त्याने बरा होत नाही. फक्त पांघरूण घालायला आणखी दोन हात येतात, आणि दोन-तीन वर्षांत त्या पांघरुणाखाली एक लहान मूलही असतं.

म्हणून या पुस्तकातल्या माहितीकडे वळण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. व्यसन जडणं हा आजार आहे. हे वाक्य आता भाषणांतून, फलकांवरून गुळगुळीत झालं आहे आणि तरीही फार कमी लोकांचा त्यावर खरा विश्वास आहे. मधुमेहाच्या रुग्णाने जिलेबी खाल्ली तर आपण त्याला रागावतो, पण त्याचं इन्सुलिन बंद करत नाही. व्यसनातून उठलेला माणूस पुन्हा घसरला की मात्र ‘आता याच्यावर पैसा घालवायचा नाही’ असा निकाल घरातच दिला जातो.

आजार कसा, हे समजून घ्यायला १९५४ सालच्या एका प्रयोगाची मदत होते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत एका ठरावीक जागी बारीक तार बसवली. उंदराने दांडी दाबली की त्या जागी विजेचा सौम्य झटका मिळायचा. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, दाबतच राहिले. पुढे अशाच प्रयोगांत समोर ठेवलेलं अन्न सोडूनही उंदीर दांडीपाशी थांबलेले आढळले. मेंदूत सुखाची, ओढीची एक यंत्रणा असते हे त्यातून उलगडत गेलं. भूक लागल्यावर जेवण, आवडत्या माणसाची भेट, शाबासकी यांनी ही यंत्रणा जागी होते आणि डोपामीन नावाचं रसायन तिथे स्रवतं. तंबाखू, दारू, गर्द, एमडी यांची काम करण्याची तऱ्हा वेगवेगळी असली तरी अखेर सगळी याच यंत्रणेला हात घालतात आणि कुठल्याही साध्या सुखाला जमणार नाही इतक्या जोराने तिला हलवतात. मेंदू हा मारा सहन करण्यासाठी स्वतःला बदलून घेतो. मग तेवढ्याच मात्रेत पूर्वीची मजा येत नाही, मात्रा वाढते. मात्रा वाढली की मुलाचा वाढदिवस, पुरणपोळी, पावसातली सहल यांतलं काहीच मनाला शिवत नाही. घरचे म्हणतात, ‘त्याला आमची काही किंमतच उरली नाही.’ किंमत असते. ती जाणवायला जे लागतं ते मेंदूत शिल्लक नसतं.

या टप्प्यावर माणूस मजेसाठी नशा करत नसतो. नशा केली नाही तर जे हाल होतात ते टाळण्यासाठी करत असतो. शपथा का टिकत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते, घेतानाच्या क्षणी ती पूर्णपणे खरी असते. पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घातली आणि दारू कायमची सुटली, अशी माणसं महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या बाबतीत माळेबरोबर आणखी एक गोष्ट मिळालेली असते: दिंडी. संध्याकाळी गुत्त्याऐवजी जायला भजनाची जागा, वाट पाहणारी माणसं, चुकलं तर विचारणारा कुणी वडीलधारा. नुसती शपथ माणसाला एकटं ठेवते. दिंडी तसं ठेवत नाही.

परिस्थिती बदलली की काय होतं याचा एक मोठा पुरावा व्हिएतनाम युद्धाने दिला. तिथे गेलेल्या अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचं प्रमाण भयंकर वाढलं होतं. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला, तेव्हा तिकडे व्यसन जडलेल्यांपैकी फार थोडेच घरी आल्यावर पुन्हा त्यात अडकलेले दिसले. युद्धभूमी सुटली, सहज मिळणारी पुडी सुटली, माणसं आणि कामं परत मिळाली. यावरून औषधोपचारांची गरज नाही असा अर्थ कुणी काढू नये. पण पदार्थाइतकंच माणसाच्या भोवतीचं जगणंही महत्त्वाचं असतं, हे त्या अभ्यासाने कायमचं दाखवून दिलं.

आता पदार्थांकडे. सुरुवात तंबाखूपासून करायला हवी, कारण आपण तिला व्यसनात मोजतच नाही. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, बायकांच्या हातात मशेरी, शेतमजुराच्या कनवटीला तंबाखू-चुन्याची डबी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचं आढळलं, आणि त्यातले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. गुटखा मिळतो आहे, हे वाचकाला मी सांगायला नको. तंबाखूने कर्करोग होतो हे पाकिटावरच्या चित्रामुळे सर्वांना माहीत झालं आहे, पण त्याआधीची पायरी फारशी कुणाला माहीत नसते: सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आधी तिखट झोंबू लागतं, मग पाणीपुरी तोंडात मावत नाही, मग दोन बोटंही आत जात नाहीत. विशीतल्या मुलांमध्ये हे दिसतं. तंबाखू नसलेली, नुसती सुगंधी सुपारी निरुपद्रवी असते हा समज इथे खोटा ठरतो; सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. आई-वडिलांनी महिन्यातून एकदा मुलाला ‘तोंड उघड’ म्हणावं आणि त्याची तीन बोटं उभी आत जातात का ते पाहावं. एवढ्या साध्या तपासणीने एखादा जबडा वाचू शकतो.

दारूवर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत आणि ते योग्यच आहे. २०१९ च्या त्याच पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना तिच्यामुळे मदतीची गरज पडावी अशी स्थिती आहे. गर्द, गांजा, गोळ्या यांच्या बातम्या मोठ्या टायपात छापल्या जातात. दारूची बातमी होते ती विषारी दारूने एकदम माणसं मेली की. २००४ मध्ये विक्रोळीत, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत असंच झालं. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. शरीर मिथेनॉलचं रूपांतर फॉर्मिक आम्लात करतं आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं. पिणाऱ्याला आधी साधी दारू चढल्यासारखंच वाटतं, अर्धा-एक दिवस जातो, मग पोटात दुखतं, धूसर दिसायला लागतं. त्या वेळी ‘उतरली की बरं वाटेल’ म्हणून झोपवून ठेवणं म्हणजे मरणाच्या हाती देणं. दारू प्यायल्यानंतर कुणी ‘दिसत नाही’ म्हणाला, की त्याच मिनिटाला मोठ्या रुग्णालयात नेलं पाहिजे. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो.

पण मिथेनॉल नसलेली, सीलबंद, करभरणा केलेली दारूच कितीतरी जास्त माणसं मारते, हळूहळू आणि बातमी न होता. यकृत, स्वादुपिंड, हृदय यांच्यावरचे परिणाम पुस्तकात सविस्तर आले आहेत. मला इथे दोन गोष्टी जोर देऊन सांगायच्या आहेत, कारण त्या माहीत नसल्यामुळे घरातच जीव जातात.

पहिली, दारू एकाएकी बंद करण्याविषयी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या रेट्याने किंवा अंगात ताकद नाही म्हणून अचानक पिणं थांबवलं, तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. पुढच्या एक-दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलताना ऐकू येतात, वेळ-काळाचं भान सुटतं, ताप चढतो. घरात कुजबुज सुरू होते की बाहेरची बाधा झाली, आणि गाडी मांत्रिकाच्या दिशेने वळते. हा दारू तुटल्याने उद्भवलेला जीवघेणा झटका असतो. रुग्णालयात योग्य गोळ्या, सलाईन आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन तो निभावता येतो. घरात कोंडून ठेवून दारू सोडवणं म्हणूनच धोक्याचं आहे. रुग्णालयात दाखल करण्यासाठी चार महिने वाट पाहिलेल्या कुटुंबाने अखेर स्वतःच खोलीला कुलूप लावलं, अशा घटना ऐकल्या की माझा जीव वरखाली होतो.

दुसरी गोष्ट न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांची. एसटी स्टँडच्या भिंतींवर, लोकलच्या डब्यांत जाहिराती चिकटवलेल्या असतात: रुग्णाला न कळता दारू सोडवा. बायको चहात, भाजीत, पिठात ती पूड मिसळते. अशा पुड्यांत नेमकं काय असतं याचा भरवसा नाही, आणि डायसल्फिराम असेल तर परिणाम अतिशय गंभीर होऊ शकतो. हे औषध उपचारांत वापरतात हे खरं आहे. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दारूवरच्या उपचारासाठी ते पुढे आणलं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय दुबळं असेल तर तो दगावू शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला सर्व सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. बायकोने बिचारीने जिवाच्या आकांताने केलेल्या प्रयत्नातून तिच्याच हातून नवऱ्याचा मृत्यू व्हावा, यासारखी शोकांतिका नाही. ही पूड विकणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी. ती होईपर्यंत निदान या पुस्तकाच्या वाचकाने ती आणू नये.

दारूबंदीचा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावोगावी उभं केलेलं काम मोठं आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. उभी बाटली की आडवी बाटली अशा मतपत्रिकेवर शिक्का मारून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायांचं धैर्य मला राजकारणातल्या बऱ्याच विजयांपेक्षा मोलाचं वाटतं. फक्त एवढंच सांगावंसं वाटतं की ज्या दिवशी दुकान बंद होतं, त्याच दिवशी गावातल्या रोज पिणाऱ्यांसाठी उपचारांची सोयही हवी. कारण मी वर सांगितलेला झटका त्या आठवड्यात कुणाच्यातरी घरात येणार असतो.

गर्दची गोष्ट महाराष्ट्राच्या आठवणीत वेगळ्या जागी आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राऊन शुगर आली आणि सुशिक्षित घरांतली मुलं दोन-तीन वर्षांत हाडांचे सापळे झाली. लेखक अनिल अवचटांनी त्या मुलांमध्ये बसून, बोलून लिहिलेल्या लेखमालेने लोक हादरले. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले, त्यांच्या मदतीने डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक, कार्यकर्ते झाले, ही त्या जागेची खरी ताकद. आजारातून उठलेल्या माणसाचं बोलणं आजारी माणूस ज्या विश्वासाने ऐकतो, त्या विश्वासाने तो डॉक्टरचंही ऐकत नाही.

हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. गर्द हा त्याचाच भेसळयुक्त, स्वस्त प्रकार. पन्नीवर ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा. न मिळाल्यास आठ-बारा तासांत सुरू होते ती ‘टर्की’: नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, जुलाब लागतात, झोप म्हणून येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात शरीर सावरतं. सहसा टर्कीने माणूस मरत नाही. मरतो तो नंतर. उपचार घेऊन महिना-दोन महिने कोरडा राहिलेला मुलगा मित्रांत जातो आणि जुन्या हिशेबाने पूर्वीएवढीच मात्रा घेतो. शरीराची ती मात्रा सोसण्याची सवय तोवर गेलेली असते; श्वास मंदावतो आणि थांबतो. केंद्रातून घरी आलेल्या मुलाच्या आई-वडिलांना हा धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. सुई टोचून घेणाऱ्यांत एकमेकांची सुई वापरल्याने एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू पसरतात. म्हणूनच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे पर्यायी औषध दिलं जातं. ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’ अशी टीका त्यावर होते. मला ती पटत नाही. ठरलेल्या वेळी, माहीत असलेल्या मात्रेत, नर्ससमोर घेतलेल्या गोळीमुळे माणूस सुईपासून सुटतो, कामावर जातो आणि जिवंत राहतो.

गांजाविषयी मुलांशी खरं बोलावं. एक चिलीम ओढली की वेड लागतं असं शाळेत सांगितलं, आणि मुलाने ओढणारा मित्र धडधाकट पाहिला, की तो शिक्षकांनी सांगितलेलं बाकीचं सगळंही खोटं मानतो. खरं असं आहे: ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना व्यसन लागत नाही, साधारण दहात एकाला लागतं; पण कोवळ्या वयात सुरू केलेल्यांत हे प्रमाण सहात एकापर्यंत जातं. माणसाच्या मेंदूचा विचार करणारा, आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्या काळात रोजचा गांजा म्हणजे लक्ष लागणं, लक्षात राहणं, काही करावंसं वाटणं यांवर घाला. आणि ज्या घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा तसा मानसिक आजार झालेला आहे, तिथल्या मुलासाठी धोका कितीतरी मोठा. आपल्या घरातला तो इतिहास मुलांपासून लपवला जातो. मामाला ‘काहीतरी होतं’ एवढंच त्यांना माहीत असतं. इथेही लाजेनेच घात होतो.

गेल्या काही वर्षांत नशेने औषधाच्या दुकानाची वाट धरली आहे. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ म्हणून जे विकलं जातं ते अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारखं, चिंतेवर किंवा झोपेसाठी डॉक्टर देतात ते औषध. कोडीन असलेली खोकल्याची बाटली एका दमात रिकामी केली जाते. व्यायामशाळांत मेफेंटरमाइनचं इंजेक्शन फिरतं, जे शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ वापरतात. पीळदार शरीराच्या हौसेपायी विशीतल्या मुलाचं हृदय त्याने धोक्यात येतं. कंपनीच्या वेष्टनात येतं, पावती मिळते, म्हणून हे सुरक्षित वाटतं. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र घेतली तर श्वास बंद पडू शकतो. अशा गोळ्या रोज घेणाऱ्याने त्या एकदम थांबवल्या तर दारूसारखंच फेफरं येऊ शकतं. इथे बायकाही अडकतात: डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी दहा वर्षं चालू राहते, आणि त्याला घरात कुणी व्यसन म्हणतही नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पोरं त्याला ‘म्याव म्याव’ म्हणतात. २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. तेव्हा ते बाहेरून येणारं वाटत होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा ते आपल्याच शेजारी टनावारी तयार होत असल्याचं उघड झालं. एमडीने झोप आणि भूक उडते, हृदय धावू लागतं, दात करकरा चावले जातात, आणि उतरू लागलं की मन खोल गाळात जातं. ते टाळण्यासाठी लगेच पुन्हा. दोन-तीन रात्री सलग जागलेल्या मुलाला आई आपल्यावर विषप्रयोग करते आहे असं वाटू लागतं. मुलाचं वजन घटू लागलं, तो गप्प झाला, खोलीचं दार लावून बसू लागला तर प्रेमभंग किंवा परीक्षेचा ताण एवढ्यावर थांबू नये.

रेल्वे फलाटांवरच्या मुलांच्या रुमालात असतं ते व्हाइटनर किंवा सोल्यूशन. मोठ्यांपेक्षा मुलांमध्येच जास्त वापरली जाणारी नशा म्हणून राष्ट्रीय पाहणीने या हुंगण्याच्या पदार्थांकडे बोट दाखवलं: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. यातलं टोल्युइन मेंदू आणि नसा कायमच्या बिघडवतं, आणि क्वचित पहिल्याच वेळी हृदय थांबून मूल मरतं. त्या मुलाला भूक मारायची असते, थंडी आणि मार विसरायचा असतो. त्याच्या हातातला रुमाल काढून घेणाऱ्याने त्याच्या जेवणाचा विचार आधी केलेला असावा.

घरचे गप्प राहतात त्यामागे पोलिसांची भीतीही असते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे. विक्रीच्या प्रमाणातला साठा सापडला तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा होते. पण याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. नशा करणारा, किंवा अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेला व्यसनी, स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घ्यायला आला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. हे कलम किती आई-वडिलांना माहीत असेल? शाळांच्या पालकसभांत ते वाचून दाखवायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या मानसिक विकारांना आजारात धरलं आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यावर बंदी घातली आहे. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, रुग्णांना कोंडणारी, घरच्यांना महिनाभर भेटू न देणारी ठिकाणं आहेत. मुलाला दाखल करण्याआधी नोंदणी पाहा, मनोविकारतज्ज्ञ येतात का विचारा, बरे झालेल्या रुग्णांशी बोलू देतात का ते पाहा. नाही म्हणाले तर तिथून उठा.

आणि तो पुन्हा घसरला तर? बरेचजण घसरतात. मुक्तांगणसारख्या ठिकाणी घसरण्याकडे उपचारांचा शेवट म्हणून पाहत नाहीत. काय चुकलं, कुणाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत, हे शोधण्याची ती वेळ असते. घरच्यांनी कर्ज फेडणं थांबवावं, खोटं बोलणं थांबवावं, पण जेवायला वाढणं थांबवू नये. रात्री तो नशेत असताना भांडू नये. सकाळी, शुद्धीवर असताना, थोडक्या शब्दांत, काय घडलं ते सांगावं आणि उपचारांचा विषय काढावा. स्वतःसाठीही मदत घ्यावी. अशा माणसांच्या बायकांचे, आयांचे गट ठिकठिकाणी भरतात, आणि तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलता आलं की निम्मं ओझं उतरतं. मुलांना खरं सांगावं: बाबा आजारी आहेत, हे तुझ्यामुळे झालेलं नाही.

या पुस्तकाची मांडणी कुठूनही वाचता यावी अशी आहे. ज्याच्या घरात गोळ्यांचा प्रश्न आहे त्याने दारूचं प्रकरण आधी वाचायची गरज नाही. शिक्षकांनी मुलांसाठीचं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचावं, प्रश्न विचारू द्यावेत, आणि उत्तर माहीत नसेल तर डॉक्टरांना वर्गात बोलवावं. पण हे पुस्तक हातात घेताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादा चेहरा आला असेल, तर पुढची पानं नंतर वाचा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर मोफत आहे. आज फोन करा.